मैदानावर कोणीच नाही

सोनवड शहरात बायकांसाठी बांधलेलं सगळ्यात नवं स्वच्छतागृह ट्रक टर्मिनलच्या मागे आहे. फीत कापल्या दिवसापासून त्याला कुलूप आहे, कारण तिथे बाई म्हणून कुणी फिरकतच नाही. आणि जिथे दर मंगळवारी सात-आठ हजार बायका उन्हातान्हात बसतात, घासाघीस करतात, पोरं सांभाळतात, त्या मंगळवार बाजाराच्या मैदानावर आडोशाला एक भिंतसुद्धा नाही. हे एखाद्या मूर्ख इंजिनिअरचं काम असतं, तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण ही जागा शहरातल्या सगळ्यात हुशार यंत्रानं निवडली होती.

त्या यंत्राचं नाव प्रतिनगर. महापालिकेच्या मागच्या इमारतीत, जिथे पूर्वी जन्म-मृत्यूचे दाखले मिळायचे, तिथल्या थंडगार खोलीत ते चालायचं. सोनवडची वस्ती चार लाख बारा हजार, आणि यंत्रातली वस्तीही चार लाख बारा हजार. प्रत्येक माणसामागे यंत्रात एक माणूस. सरकारी कागदावर त्याला ‘प्रतिव्यक्ती’ म्हणत, लोकांच्या तोंडी मात्र तो जुळा किंवा ती जुळी. जुळ्याला चेहरा नसतो, आवाज नसतो. तो नुसता सवयींचा गठ्ठा. किती वाजता उठतो, कोणत्या रस्त्यानं जातो, कुठे रेंगाळतो, काय विकत घेतो, कशानं चिडतो. हे सगळं तो शिकतो त्या माणसाच्या फोनवरून, म्हणजे फोन कुठे जातो, किती वेगानं जातो आणि कुठे थांबतो यावरून. त्यात बसच्या कार्डाची आणि दवाखान्याच्या केसपेपरची भर. मग यंत्राला विचारायचं, इथे पूल बांधला तर काय होईल? यंत्र घड्याळ पुढे फिरवतं आणि चार लाख जुळे अकरा मिनिटांत दहा वर्षं जगून दाखवतात.

चार वर्षांपूर्वीच्या पुरात कोणत्या गल्लीतली माणसं घर सोडणार नाहीत, हे प्रतिनगरानं दोन दिवस आधी सांगितलं होतं, आणि बोटी नेमक्या तिथेच उभ्या होत्या. तेव्हापासून सोनवडकरांनी यंत्राला हात जोडले. सरकारनं तर कायदाच केला की, विकासकामांवरच्या हरकती यापुढे जुळ्यांकडूनच घ्याव्यात. खऱ्या सुनावणीला येतात कोण, तर तीन पेन्शनर आणि एक वकील. जुळे सगळेच्या सगळे येतात, वेळेवर येतात आणि चहा मागत नाहीत.

अशा या शहरात विभागीय व्यापार संकुल यायचं ठरलं. पाच तालुक्यांनी खरेदीला यावं एवढं मोठं. जागा तीन होत्या. पूर्वेची बंद पडलेली सूतगिरणी, रिंगरोडलगतचा खडकाळ माळ आणि शहराच्या मधोमध मंगळवार बाजाराचं मैदान. यंत्रानं तिन्ही जागी संकुल बांधून दहा-दहा वर्षं चालवून पाहिलं आणि गुण दिले. सूतगिरणीला एकसष्ट, माळाला अठ्ठावन्न, मैदानाला अठ्ठ्याऐंशी. खाली शेरा होता: मैदान आठवड्याचे सातही दिवस जवळजवळ रिकामे असते. परिसरातील एक्क्याण्णव टक्के महिलांची हरकत नाही.

हा शेरा सारिका ढवळेनं वाचला आणि तिचं डोकं सणकलं. सारिका प्रभाग नऊची नगरसेविका आणि मैदान तिच्याच प्रभागात. तिची आई कांताबाई गेली एक्केचाळीस वर्षं त्या मैदानावर मिरची आणि हळकुंडं विकत होती. सारिकाची बाराखडीही तिथल्या गोणपाटावरच झाली होती. एक्क्याण्णव टक्के बायकांची हरकत नाही? तिच्या ओळखीत तर अशी एकही बाई नव्हती.

सभेत मतदान शुक्रवारी होतं. मंगळवारी दुपारी बारा वाजता ती प्रतिनगर कक्षात जाऊन धडकली.

कक्षप्रमुख अभिजित कुलथे हा चाळिशीचा, सरळ माणूस. यंत्रावर त्याचा जीव होता. यंत्राबद्दल विचारायला कुणी आलं की तो खुलायचा.

“मला मैदान दाखवा,” सारिका खुर्चीवर न बसताच म्हणाली. “आत्ताचं. मंगळवारचे बारा वाजलेत.”

भिंतीएवढ्या पडद्यावर शहर उमटलं. पुरुष म्हणजे निळे ठिपके, बायका म्हणजे केशरी. कुलथेनं मैदान जवळ आणलं. त्यावर चाळीसेक निळे ठिपके होते. टेम्पोवाले, हमाल, एक घड्याळं दुरुस्त करणारा. केशरी ठिपका औषधालाही नव्हता.

“बायका कुठायत?”

कुलथेनं नकाशा मागे घेतला. केशरी ठिपके होते की! एमआयडीसीत होते, ट्रक टर्मिनलवर होते, कोर्टाच्या आवारात होते, स्टँडमागच्या परमिट रूमच्या रांगेत तर भरदुपारी झुंडीनं होते.

“मी आत्ता मैदानावरूनच आले,” सारिका म्हणाली. “मुंगीला शिरायला जागा नाही.”

कुलथे समजूतदार हसला. “मॅडम, डोळ्याला गर्दी नेहमीच जास्त वाटते. म्हणून तर यंत्र लागतं.”

हे वाक्य तिच्या टाळक्यात गेलं. तिच्या डोळ्यांना सात हजार बायका दिसत होत्या आणि हा माणूस तिला गणित शिकवत होता. पण ती आवाज चढवायला गेली नाही. रक्ताच्या नात्यातल्या माणसाची जुळी पाहता येते, एवढा नियम तिला माहीत होता. “माझ्या आईची जुळी काढा. कांता मारुती शेवाळे, वय अडुसष्ट.”

ठिपका सापडला. तो साखर कारखान्यात होता. कुलथे वाचू लागला. “पहाटे साडेपाचला उठतात. सहा ते सात व्यायामशाळा. आठला मोटारसायकलवरून कारखान्यात, सरासरी वेग पासष्ट, कमाल ब्याऐंशी. संध्याकाळी चौकातली पानटपरी. शनिवारी परमिट रूम. संकुलाला पाठिंबा, पार्किंग मोठं हवं असा आग्रह.”

सारिकाला आधी हसूच फुटलं. “अहो साहेब, माझ्या आईचे दोन्ही गुडघे गेलेत! जागेवरून उठताना ती देवाचा धावा करते. ती ब्याऐंशीनं मोटारसायकल हाणते?”

कुलथे वरमला. त्यानं नोंद उघडली, खाली फोन नंबर होता. सारिकानं तो वाचला. “हा माझ्या भावाचा नंबर आहे. प्रमोदचा.”

“एका नंबरवर घरातली दोन माणसं नोंदली असली, तर यंत्र समजतं की फोन सामाईक आहे,” कुलथे सावकाश म्हणाला. “दोघं बरोबरच फिरतात असं धरतं.”

“आईकडे तिचा स्वतःचा फोन आहे.”

“सिम कुणाच्या नावावर?”

“प्रमोदच्या. बायकांची सिमं असतात कुणाच्या नावावर?”

“मग यंत्राला प्रमोदचेच दोन फोन दिसतात. एका माणसाचे दोन फोन एकाच वेळी दोन ठिकाणी दिसले, तर जो जास्त फिरतो तो खरा. दुसरा आम्ही...” तो बोलता बोलता अडखळला. “दुसरा आम्ही गाळ म्हणून टाकून देतो.”

“म्हणजे आत्ता मैदानावर जे सात हजार फोन आहेत...”

“ते गाळ,” कुलथे म्हणाला.

त्यानं घाईघाईनं यंत्राला सगळ्या शहराची यादी चाळायला लावली. एक लाख सत्तेचाळीस हजार प्रौढ बायका. त्यांपैकी घरातल्या पुरुषाच्या नंबरवर नोंदलेल्या एक लाख एकोणचाळीस हजार. कुलथेचा चेहरा खर्रकन उतरला. “पण ही यादी आमची नाही हो, मॅडम. सहा वर्षांपूर्वी अंगणवाडी सेविकांनी घरोघर फिरून केलेली आहे. शहरातल्या सगळ्याच्या सगळ्या सेविकांनी एकजात तीच चूक कशी केली?”

सारिकाचं हसू जागच्या जागी विरलं, कारण उत्तर तिला माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी ती स्वतः अंगणवाडी सेविका होती. गणनेचा फॉर्म घेऊन ती चारशे बारा घरं हिंडली होती. दारात बाई यायची, नाव सांगायची, वय दोन वर्षं कमी सांगायची, आणि नंबर विचारला की गप्प व्हायची. सोनवडात कुठली बाई परक्याला आपला नंबर देते? एकदा दिला की तो कुठे कुठे पोचतो आणि नको त्या वेळी कोण कोण ‘हॅलो’ करतं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. म्हणून दुकानात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे मालकांचा नंबर द्यायचा, मालक नसले तर भावाचा, मुलाचा. हीच रीत. पहिल्या दिवशी तीन-चार बायका अशा घुटमळल्या, तेव्हा सारिकाच म्हणाली, “तुमचा नका देऊ बाई, मालकांचा सांगा.” बायकांचा जीव भांड्यात पडला. मग तिनं सेविकांच्या ग्रुपवर टाकलं, ‘ताईंनो, महिलांचा नंबर न घेता घरातल्या पुरुषाचा घ्यावा, म्हणजे कुणाला त्रास नको.’ एकशे ऐंशी सेविकांनी अंगठे उमटवले. फॉर्मवर ठळक छापलं होतं, ज्याचा त्याचाच नंबर घ्या. तिनं ते वाचलं होतं. बायकांना जपायचं म्हणून तिनं ते मुद्दाम मोडलं होतं, आणि शहरातल्या बायका पुसून टाकल्या होत्या.

तिनं हे कुलथेला सांगितलं. तो उठला, दार लावून आला. “मॅडम, हे मी ऐकलेलं नाही. जाणूनबुजून चुकीची नोंद करणारा प्रगणक कुठल्याही पदाला अपात्र ठरतो. तुम्ही हे सभेत कबूल केलंत, तर त्या क्षणी निलंबित व्हाल.”

“आणि यादी?”

“दुरुस्त होते. प्रत्येक बाईनं स्वतः अर्ज करायचा. नव्वद दिवस लागतात.”

“मतदान तर शुक्रवारी आहे.”

“शुक्रवारी आहे तीच यादी,” कुलथे म्हणाला. त्याच्याकडून आणखी काही होण्यासारखं नव्हतं.

ती तिथून थेट मैदानावर गेली. कांताबाई लवंगी मिरचीच्या ढिगामागे बसली होती. सारिकानं गोणपाटावर बसून सगळं सांगितलं. मोटारसायकलचं ऐकून आई हसेल असं तिला वाटलं होतं. ती हसली नाही.

“म्हंजे एक्केचाळीस वर्सं मी हितं बसलेच न्हवते म्हण की,” कांताबाई म्हणाली. पलीकडच्या भाजीवालीनं मान वळवून पाहिलं. “तू चुकीचं लिवलंस, ते खरं. पर माज्याकडं कोण इचारायला आलं होतं का, की बाई, तुजं काय म्हननं हाय? मिशिनीला इचारत्यात. मी हितं जिती बसलीय.”

सारिकाला स्वतःचाच इतका राग आला की तिला तोंड वर करवेना. पण तो राग तिथे थांबला नाही. सात हजार बायका समोर दिसत असताना ज्यांना त्या दिसल्या नाहीत, ज्यांना यंत्रानं ‘मैदान रिकामं’ म्हटल्यावर खिडकीतून डोकावून बघावंसंही वाटलं नाही, त्या सगळ्यांवर तो निघाला. महापालिकेच्या खिडक्या मैदानाकडेच उघडत होत्या.

घरी रणजित होता. तिचा नवरा. ‘नगरसेविका सौ. सारिका ढवळे’ अशा पाटीखालच्या कार्यालयात रोज तोच बसायचा. लोकांची कामं तोच ऐकायचा, सह्या तेवढ्या तिच्या घ्यायचा. महापालिकेच्या दफ्तरी तिचा म्हणून जो नंबर होता, तोही त्याचाच. तिनं सांगितलेलं त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“आगं, हात दाखवून अवलक्षण कशाला?” तो म्हणाला. “पद जाईल, वर केस हुईल. आणि कशापायी? आठवड्याच्या बाजारापायी?”

“आई बसते तिथं.”

“इंगवले दोन गाळे देतोय आपल्याला. एकात तुझ्या आईला बसवू. म्हातारी एसीत बसंल.” उदाजी इंगवले हा संकुलाचा बिल्डर.

“आणि बाकीच्या बायका?”

“बाकीच्यांचा काय मी ठेका घेतलाय?”

“इंगवलेंशी हे कधी बोललात तुम्ही?”

“झालं असंल कधीतरी.” त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. मग जरा मवाळ होऊन म्हणाला, “हे बघ, तुला जड जात असंल तर शुक्रवारी जाऊ नको सभेला. बरं नाही म्हण. गैरहजर नगरसेवकाचं मत त्याचा जुळा देतो, नियमच हाय तसा. तुझी जुळी शहाणी हाय, ती बरोबर मत देईल.” आणि आपल्याच विनोदावर तो हसला.

“ती माझी जुळी नाही. तुमचा फोन घेऊन फिरते ती.”

“नवरा-बायकोत काय तुझं नि माझं?” रणजित म्हणाला.

अठरा वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी ते तिला मायेचं वाटलं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिला त्याची किळस आली.

‘झालं असंल कधीतरी’ एवढं मात्र तिच्या डोक्यातून जाईना. लोकप्रतिनिधींच्या जुळ्यांची हालचाल सगळ्यांना पाहता येते. कारभार पारदर्शक असावा म्हणून तसा कायदाच होता, आणि आजवर कुणी कंटाळ्यानंही ती पाहिली नव्हती. बुधवारी सकाळी तिनं स्वतःची जुळी उघडली. संक्रांतीनंतरच्या रविवारी, संध्याकाळी सात ते दहा, ‘सारिका ढवळे’ इंगवलेच्या फार्महाऊसवर होती.

त्या रविवारी तर महापौरांच्या पत्नीचं हळदीकुंकू होतं, नाट्यगृहात. सारिका तिथे साडेसहा ते दहा होती. तिनं बाकीच्या नगरसेविकांच्या जुळ्या उघडायला सुरुवात केली. पहिली फार्महाऊसवर, दुसरीही फार्महाऊसवर. एकोणिसावी उघडल्यावर ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तिची धरून फार्महाऊसवर एकोणीस होत्या.

शुक्रवारी अकरा वाजता सभा सुरू झाली. सभागृहात पासष्ट सदस्य, आणि वरच्या सज्जात नेहमीप्रमाणे नगरसेविकांचे नवरे. बायका खाली बसत, नवरे वरून खुणा करत. रणजितही पहिल्या रांगेत होता. बायको आली म्हणून तो रागावलेला दिसत होता, पण घाबरलेला नव्हता.

विषय पुकारला गेला तशी सारिका उभी राहिली. “महापौरसाहेब, एकच प्रश्न. प्रतिनगर खरं की खोटं?”

महापौर भगवंतराव कोकरे मुरलेले गडी. “ढवळेताई, पुराच्या वेळी या यंत्रानं तीनशे जीव वाचवले. यंत्र शंभर टक्के खरं. इतिवृत्तात लिहून घ्या, नगरसचिव.”

“लिहिलंत? मग आता आम्हा नगरसेविकांचं रेकॉर्ड पडद्यावर घ्या. ते सार्वजनिकच आहे.”

नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून कोकऱ्यांनी हात हलवला. कोपऱ्यात बसलेल्या कुलथेनं बटण दाबलं. आधी सारिकाचा आठवडा दिसला. सकाळी व्यायामशाळा, दुपारी पानटपरी, मग परमिट रूम. सभागृहात खसखस पिकली. “वा ढवळेताई, एकट्या एकट्या!” कुणीतरी ओरडलं, आणि सज्जातले पुरुष पोट धरून हसले. रणजित तेवढा हसला नाही.

“आता संक्रांतीनंतरचा रविवार. संध्याकाळी साडेसात,” सारिका म्हणाली.

पडद्यावर इंगवलेचं फार्महाऊस आलं. त्यावर एकोणीस केशरी ठिपके दाटीवाटीनं बसले होते, प्रत्येकापुढे नाव होतं. हसणं थांबलं.

“महापौरसाहेब, यंत्र शंभर टक्के खरं असं आत्ताच तुम्ही लिहून दिलंत. म्हणजे आम्ही एकोणीस जणी त्या रात्री बिल्डरकडे जेवत होतो. पण वहिनीसाहेबांच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलचे डबे घेतले ते कोणी? पेपरात फोटो आलाय, तुमच्यासकट.” तिनं पडद्यावरच्या नावांकडे बोट केलं. “आम्ही नाट्यगृहात होतो, तर मग फार्महाऊसवर कोण होतं?”

एकोणीस माना सावकाश सज्जाकडे वळल्या. छाया लोखंडे ही सगळ्यांत ज्येष्ठ नगरसेविका. चौथ्यांदा निवडून आलेली आणि सभागृहात आजवर एक शब्द न बोललेली. ती उभी राहिली आणि वर बघून मोठ्यानं म्हणाली, “अहो, तुम्ही तर त्या दिवशी पुतणीचं लग्न जमवायला गेला होता ना?”

सज्जात दोघे-तिघे उठून दाराकडे सरकले.

आयुक्त पुढे वाकले. “ढवळेताई, एकोणीस नोंदी चुकीच्या असू शकतात. तेवढ्यावरून चार लाखांची यादी खोटी कशी ठरवणार? ही चूक शहरभर आहे याला पुरावा काय?”

हा प्रश्न येणार हे ती तीन दिवस जाणून होती. “पुरावा मी आहे,” ती म्हणाली. आणि तिनं सांगितलं. अंगणवाडी, चारशे बारा घरं, ग्रुपवरचा तो संदेश, एकशे ऐंशी अंगठे, एक लाख एकोणचाळीस हजार बायका. “तुमच्या यंत्रात सोनवडची बाई नाहीच. तिच्या नावानं फिरणारा पुरुष आहे. त्यालाच तुम्ही विचारलंत, मैदान देऊ का, आणि तोच म्हणाला, द्या. मैदानावर कोणीच नाही म्हणता? उठा आणि ती खिडकी उघडा! नव्वद दिवस थांबा. बायकांना त्यांचा नंबर लावून घेऊ द्या, मग हवं तर संकुल बांधा.”

सभागृहात एकच गिल्ला झाला. तो ओसरेपर्यंत नगरसचिवांनी कायद्याचं पुस्तक काढलं होतं. त्यांनी एकसुरी आवाजात कलम वाचलं. सदस्यानं चुकीच्या नोंदीची कबुली सभागृहात दिल्यामुळे त्यांचं सदस्यत्व तत्काळ निलंबित. कोकऱ्यांनी संधी साधली. यादी दुरुस्त होत नाही तोवर आहे ती यादी ग्राह्य, ते म्हणाले, मतदान आत्ताच घेऊ. दोन सुरक्षारक्षक सारिकाजवळ आले. “चला ताई,” त्यांतला एक ओशाळून म्हणाला.

तिला बाहेर व्हरांड्यात उभं केलं. तिथे सभेचा आवाज ऐकू येईल असा लाऊडस्पीकर होता. मैदान संकुलाला द्यावं, या ठरावावर नगरसचिव एकेक नाव पुकारू लागले. सारिका बोटांवर मोजत होती. छाया लोखंडे, विरोधात. ती आपल्या खणखणीत आवाजात दोनदा म्हणाली, न विचारता. एकोणिसांपैकी बारा जणी विरोधात गेल्या, वर न बघता. सहा जणींच्या नावानंतर उशिरानं, दबक्या आवाजात ‘बाजूनं’ आलं. त्या वर बघत असणार, हे सारिकाला न पाहताही कळत होतं. ज्या पुरुष नगरसेवकांना इंगवलेनं जेवायला बोलावलं नव्हतं, त्यांतलेही काही चिडून विरोधात गेले.

“बाजूने बत्तीस,” नगरसचिव म्हणाले. “विरोधात बत्तीस.”

सारिकानं भिंतीला हात टेकला. पद गेलं तर गेलं. बारा जणी वर न बघता बोलल्या, मैदान वाचण्याच्या बेतात होतं. बरोबरीत ठराव पडतो, म्हणजे आता...

“प्रभाग नऊ,” लाऊडस्पीकर बोलला. “सन्माननीय सदस्या निलंबित, सबब गैरहजर. नियमानुसार त्यांच्या प्रतिव्यक्तीचे मत घेण्यात येत आहे.”

तिच्या कबुलीनं बारा बायका उठवल्या होत्या, आणि त्याच कबुलीनं तिची खुर्ची मोकळी केली होती. हे दोन नियम एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं तिला सुचलंच नव्हतं. आत ज्या जुळीची खोटी हालचाल अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांनी पडद्यावर पाहिली होती, हसले होते, गप्प झाले होते, तीच जुळी आता प्रभाग नऊची नगरसेविका होती. एकही माणूस उठून ‘अहो, हे काय करताय?’ म्हणाला नाही. छाया लोखंडे काहीतरी ओरडली, पण तिचा माइक बंद केलेला होता.

“सौ. सारिका रणजित ढवळे यांचे मत,” नगरसचिवांनी वाचलं, “ठरावाच्या बाजूने. ठराव तेहतीस विरुद्ध बत्तीस मतांनी मंजूर. जागेचा ताबा पंधरा दिवसांत देण्यात यावा.”

आत बाकं वाजली. सारिका तशीच उभी राहिली. डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. संतापानं तिचे कान तापले होते.

सज्जाच्या जिन्यावरून रणजित खाली आला. हातात गाडीची किल्ली. तो चार पावलांवर थांबला. खरं तर तोही खजील झाला होता, आणि खजील झाला की तो नेहमी समजुतीच्या सुरात बोलायचा. “झालं ते झालं,” तो म्हणाला. “केसचं मी बघतो, वकील आपला माणूस हाय. आईच्या गाळ्याचं पण बोलतो आजच. चल घरी.”

सारिकानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

“अहो, तुमची बायको आत आहे,” ती म्हणाली. “आत्ताच मत देऊन बसलीय. तिला न्या घरी.”